शेजाऱ्याच्या मुलीचा फोन माझ्या कानात

बालाघाटकरांनो, दुपारपासून डोकं चालत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो.

मागच्या बाजारात मी आणि शेजारच्या दुकानदार मित्रानं सारखेच इयरबड्स घेतले. दोन डब्या घेतल्या तर स्वस्त. डबीवर नाव मोठ्या कंपनीचं, माल नकली.

आज माझा मोबाइल बंद पडला, बड्स मात्र कानातच राहिले. एकाएकी त्या मित्राची मुलगी कानात बोलू लागली, "बाबा, रागावू नका." बड्स सारखेच, म्हणून त्याचा मोबाइल माझ्या बड्सला जोडला गेला होता. तिनं रडत जे सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. मी गोंधळून गप्पच. "बाबा, बोला ना," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात मित्र दारात. "काहून रे, माह्या बड्समध्ये आवाजच नाही येऊन राह्यला. पोरगी आता फोनही उचलत नाही."

"हौ, नकलीच आहेत," एवढंच बोललो.

सांगितलं तर तिचं गुपित मी ऐकल्याचं कळेल. नाही सांगितलं तर तिला वाटेल, बाप रुसला. तुम्ही काय केलं असतं? आणि माझे फोन आजवर कोणाकोणाच्या कानात गेले असतील?

बेटा, तू हे वाचत असशील तर ऐक, गप्प बसला तो मी होतो. तुझ्या बाबाले अजून काहीच माहीत नाही.