शिमुनचे जर्मन टायर

आमच्या कुप्रेसच्या पठारावर माणसाची पारख दोन ठिकाणी होते. एक त्याच्या मयताला किती लोक आले यावरून, पण तो निकाल ज्याचा त्याला कळत नाही. दुसरी बरिशाच्या टायरच्या दुकानात, आणि तिथला निकाल तोंडावर सांगतात. सर्व संतांचा सण आटोपला, कबरींवरची फुलं काळी पडली, की उन्हाळी टायर उतरवून बर्फाचे चढवायला सगळा गाव गाड्या घेऊन बरिशाच्या दारात. गाडी जॅकवर चढते, चाकं उतरतात, आणि मग कोणाचा टायर किती झिजला, कोण जुन्यावरच भागवतोय, यावरून त्याची अक्कल, त्याचा संसार, त्याची सासुरवाडी, सगळं चव्हाट्यावर येतं. कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर कॉफी, खिडकीत राकियाची, घरी गाळलेल्या दारूची, बाटली. ज्यांच्याकडे गाडी नाही तेही येतात. तेच जास्त बोलतात.

शिमुन माझा शेजारी. शिवाय त्याच्या एकुलत्या एका पोराला, क्रेशोला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून जड. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना ‘कुम’ म्हणतो. पोरानं त्याच दिवशी माझा नवा कोट ओला केला. पुढे काय होणार याचा अंदाज तेव्हाच यायला हवा होता.

शिमुन उंच, हडकुळा, मान किंचित मागे ताणलेली, समोरच्याच्या टकलावर काही लिहिलंय आणि तो ते वाचतोय असा. उमेदीत लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. डाव्या हाताची दोन बोटं करवतीनं नेली. ती कशी गेली याच्या त्यानं इतक्या तऱ्हा सांगितल्यात, की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाला मुळात डझनभर बोटं असतील. मग गिरणी बंद पडली, क्रेशो जर्मनीला गेला, आणि शिमुनला नवा धंदा मिळाला: पोराचा बाप असणं. घरातलं ड्रिल जर्मन, दाढीचा साबण जर्मन, छत्री जर्मन. सगळं क्रेशोनं पाठवलेलं. ती छत्री त्यानं लिव्नोच्या बाजारात घासाघीस करून घेतलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. पण बोललो नाही. अशी गोष्ट लगेच खर्च करायची नसते.

क्रेशो शेवटचा आला होता आजीच्या मयताला. जेवणं व्हायच्या आधी परत गेला.

शिमुनची बायको लूत्सा. ठेंगणी, फिकट, आणि जिभेला धार अशी की ती बोलून गेल्यावर थोड्या वेळानं आपल्याला कळतं कुठे कापलंय. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. एक दिवसाआड लिव्नोच्या इस्पितळात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. एक खेप चुकली की पाय सुजायचे. “आणि दोन चुकल्या,” ती सांगायची, “की फादरना बोलवा, आणि त्यांना म्हणावं आवरतं घ्या, मला थंडी वाजते.” आमच्या आणि लिव्नोच्या मध्ये बोरोवा ग्लावाची खिंड. तिथे बर्फ वरून पडत नाही, वारा तो बाजूनं आणून रस्त्यावर आडवा घालतो. इस्पितळाची गाडी न्यायला यायला तयार होती. शिमुननं ती परत पाठवली. “माझी बायको माझ्या गाडीतनं जाणार,” म्हणाला. त्याची गाडी म्हणजे लहानगी लाल फियाट, आणि तिला उन्हाळी टायर, त्यांवरच्या नक्षीत मुंगीलाही पाय अडकवता येणार नाही असे.

“शिमुन, तुझ्या मापाचे चार आहेत बघ माझ्याकडे,” बरिशा म्हणाला. “एकच हिवाळा चाललेत. अंगठा दाब, रबर कसं लोण्यासारखं आहे. अरुंद आहेत म्हणून तोंड वाकडं करू नकोस. अरुंद टायर बर्फ कापत खाली डांबर गाठतो. रुंद टायर वर तरंगतो, बदकासारखा. आणि हे माप आता कोणी ठेवत नाही.”

“क्रेशो पाठवतोय,” शिमुन म्हणाला. “जर्मन.”

“कधी?”

“शुक्रवारच्या बसनं.”

“कुम, मागच्या शुक्रवारीपण येणार होते,” मी म्हटलं. “चालत निघालेत का?”

“चालत कशाला?” मागून कोणीतरी म्हणालं. “टायर आहेत ते, गडगडत येतील!”

“हसा, हसा,” शिमुन म्हणाला. “तिकडे दोन हिवाळे झाले की टायर टाकून देतात. नव्यासारखे.”

“देतात ना,” बरिशा म्हणाला. “आणि इकडे आपण त्यांची आरती करतो. संत निकोलाच्या सणापर्यंत ठेवतो तुझ्यासाठी. पुढे नाही.”

खरं सांगायचं तर क्रेशोनं फोनवर एवढंच म्हटलं होतं: “बघतो, बाबा, माझे काही गॅरेजमध्ये पडलेत.” त्या ‘बघतो’वर शिमुननं अख्खा हिवाळा उभा केला. आता बरिशाचे घेतले असते तर गावानं त्याचा एकच अर्थ काढला असता, आणि तो मीच सगळ्यात आधी काढला असता.

लूत्सा आमच्याकडे कॉफीला आली तेव्हा मी विषय काढला. असले विषय आपोआप निघत नाहीत, काढावे लागतात.

“मी म्हटलं त्याला, बरिशाचे घे,” ती म्हणाली. “म्हणतो, मग क्रेशोला काय वाटेल? म्हटलं, त्याला काही वाटायचं तर आधी त्यानं फोन उचलायला हवा.”

“मग?”

“मग काय! मी मेले की शवपेटी बैलांकडून ओढून घ्या. बैलांना टायर लागत नाहीत.” आणि माझ्या बायकोकडे वळून, “साखर कमी टाक गं, मला लवकर मारायचंय का? रांगेत दुसरे आहेत आधीच.”

संत निकोलाचा सण आला. बर्फ अजून उतरला नव्हता, नुसता डोंगरावर बसून आमच्याकडे बघत होता. मी दुकानात गेलो तेव्हा शिमुन शेगडीपाशी हात शेकत उभा. बरिशानं चारही टायर बाहेर काढून ठेवलेले.

“शिमुन, शेवटचं विचारतो.”

शिमुन मान मागे टाकून छताकडे बघायला लागला.

माझी गाडीही त्याच मापाची. माझे टायर आणखी एक हिवाळा सहज चालले असते. पण बरिशानं माझ्याकडे पाहिलं, शिमुन तिथेच उभा होता, आणि दुकान भरलेलं होतं. “मला बांधून दे,” मी म्हटलं.

“घेऊन टाक, कुम,” शिमुन म्हणाला. “गरिबाची सोय होऊ दे.”

गरिबानं सोय करून घेतली.

आणि मग टायर खरंच आले. म्युनिकच्या बसनं, काळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेले. बस गावाच्या वरच्या टोकाला थांबते. तिथून शिमुननं ते स्वतः आणले, एकावेळी एक, भर रस्त्यातनं गडगडवत, प्रत्येक दारासमोर दम खायला थांबत. दम लागला होता म्हणून नव्हे. टायर त्याच्या मांडीपर्यंत येत होते. एवढं पाहूनच मी चप्पल सोडून बूट चढवले आणि बरिशाकडे निघालो. शिमुनच्या आधी पोचलो.

बरिशानं प्लास्टिक फाडलं. टायरच्या कडेवरचे आकडे वाचले. मग चष्मा पुसला आणि परत वाचले.

“शिमुन,” तो म्हणाला, “हे जीपचे आहेत.”

“टायर तो टायर.”

“तुझ्या गाडीला हे लावायचे तर आधी गाडी काढावी लागेल.”

दुकान हसलं. बरिशानं रबरावर नख मारलं. पाटीवर मारल्यासारखा आवाज झाला. “आणि क्रेशोच्या लग्नाच्या वर्षीचे आहेत. दगड झालेत. घर बांधायला घे.”

शिमुननं खिशातून फोन काढला. तो फोन नेहमी स्पीकरवर लावतो. कारण विचारलं तर बोटं दाखवतो, पण खरं कारण हे की जर्मनी गावाला ऐकू जावी.

“बाबा? मिळाले का?” क्रेशो घाईत होता, मागे गाड्यांचा आवाज.

“मिळाले, पोरा! अगदी मापात! आत्ताच बसवले!”

आता इथे गप्प बसणारा माणूस मी नव्हे. मी फोनकडे वाकलो. “बाळा, तुझा कुम बोलतोय. इतके मापात आहेत की फियाट आख्खी एकाच टायरच्या आत बसलीय.”

“फियाट?” क्रेशो म्हणाला. “कुठली फियाट? आपली पांढरी नीवा आहे ना? मी तर तिच्यासाठी...”

नीवा गावात सगळ्यांना आठवत होती. डोंगर चढणारी, खणखणीत जीप. ती विकून शिमुननं क्रेशोला जर्मनीला धाडलं होतं, पोराला पत्ता लागू न देता, आणि आजीच्या मयताला घाईत आलेल्या पोरानं दारातली गाडी पाहिलीच नव्हती. फियाट त्यानंतरची, आणि तीही आता म्हातारी झालेली.

“हो, हो, नीवाच,” शिमुन म्हणाला. “कुम चेष्टा करतोय. मजेत चाललीय नीवा. लूत्सा पण मजेत.”

“बरं, बाबा, नंतर बोलू.”

ह्यावेळी दुकानात कोणी हसलं नाही. शिमुन बाहेर गेला, दार लागलं, त्याची पावलं कोपऱ्यापर्यंत गेलेली ऐकू आली. मग हसलो.

त्या आठवड्यात बर्फ उतरला, आणि उतरला तो एकदम. सकाळी मी फाटकापर्यंत वाट काढत होतो, तर शेजारी शिमुन फावड्यानं लाल फियाट शोधत होता. लूत्सा दारातून बाहेर आली, डोक्याला काळा रुमाल, हातात इस्पितळाची पिशवी. नवऱ्याच्या शेजारून, गाडीच्या शेजारून सरळ चालत माझ्या फाटकाशी आली.

“कुम, लिव्नोला निघालास का?”

“नाही गं.”

“निघालायस.”

“लूत्सा!” मागून शिमुन. “आलोच मी! वाळू टाकतो मागे, वजन ठेवलं की धरते गाडी!”

“तू घरी बस,” ती मागे न बघता म्हणाली. “तुझे टायर राख. कोणी चोरले तर पोराला काय सांगशील?”

मी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला बाई वेळ लावू शकते. लूत्सानं लावला. रुमाल सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग म्हणाली, “चल.”

बरिशा खरं बोलला होता. ते अरुंद टायर बर्फात सुरीसारखे चालले. खिंडीत वारा गाडीला कानफटात मारत होता, पण चाकं खाली धरून होती. “चांगले आहेत,” लूत्सा म्हणाली. बस्स, एवढंच.

दुपारी परतलो तेव्हा ती पांढरीफटक, डोकं काचेला टेकलेलं. मशीनवरून उठली की तिला हुडहुडी भरते. मी हीटर पूर्ण लावला होता. खिंडीच्या चढाला लागलो, आणि वरच्या वळणाच्या अलीकडे काहीतरी लाल दिसलं.

फियाट रस्त्याच्या कडेला तिरकी, नाक बर्फाच्या ढिगात. शेजारी शिमुन, टोपीशिवाय, मागच्या चाकाखाली पोतं सारत होता. आमची गाडी पाहिली आणि उभा राहिला. हात वर केला. माझा पाय ॲक्सिलरेटरवरून सैल झाला.

“पाय काढू नकोस,” लूत्सा म्हणाली. “ह्या चढावर थांबलास तर परत निघणार नाहीस.”

“अगं, शिमुन आहे तो.”

“दिसतंय. रक्त गेलंय माझं, डोळे नाहीत गेले.”

मी पाय काढला नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या चढावर भले भले थांबले की तिथेच राहतात. त्याच्या इतक्या जवळून गेलो की माझ्या चाकांनी उडवलेला बर्फ त्याच्या पँटवर गेला. फियाटच्या पुढच्या सीटवर लूत्सासाठी उशी ठेवलेली होती आणि तिचं लोकरी पांघरूण घडी करून. तो तिला आणायलाच निघाला होता. हात तसाच वर होता; थांबा म्हणून होता की जा म्हणून, ते मला त्या वेळी कळलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही.

वळण गेलं. लूत्सानं रुमाल कानांवर ओढून घेतला.

“टोपी घातली नव्हती त्यानं,” ती म्हणाली. “गाढव.”

माथ्यावर बर्फ ढकलणारा ट्रक उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला मी सांगितलं. अंधार पडायच्या आत शिमुन त्या ट्रकातून माझ्या दारासमोर उतरला आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ड्रायव्हरला म्हणाला, “रस्ता कसा आहे ते बघायला गेलो होतो!”

मी खिडकी उघडली. “कसा आहे, कुम?”

“तुझ्यासाठी बरा आहे,” तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात लूत्सा माझ्याच गाडीतनं जात राहिली. एक दिवसाआड, सकाळी, शिमुन तिची पिशवी, उशी आणि घडी केलेलं पांघरूण घेऊन फाटकापर्यंत यायचा. डोक्यावर टोपी असायची, ती बहुतेक लूत्साच त्याला घालायला लावत असावी. सामान तो माझ्या हातात द्यायचा, आणि ती पुढच्या सीटवर नीट बसेपर्यंत माझ्या टायरांकडे बघत उभा राहायचा.