ठिपक्यांचं पुस्तक आणि गावंडे सर

गौरव समितीने मला सांगितलं, सरांच्या पंचाहत्तरीचा अंक आहे, जरा गोड लिहा. गोड लिहिण्याइतकी मी शांत नाही, आणि गावंडे सरही कधी गोड बोललेले नाहीत.

सरांशी माझी पहिली ओळख आमच्या तांड्यावर झाली. मी अकरावीत होते. थोरल्या भावाला पायलट करायचं म्हणून बाबांनी रस्त्यालगतचं वावर विकून एका एजंटाकडे पूर्ण फी भरली होती. तांड्याने भावाची वाजतगाजत मिरवणूकही काढली. वैद्यकीय तपासणी त्यानंतर झाली. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा भावाला दिसेना. लाल-हिरव्यातला फरक त्याच्या डोळ्यांना कळतच नव्हता. पायलट होणं तिथेच संपलं. फी परत मिळत नाही, हे एजंटाने हसत सांगितलं. त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

निवृत्तीनंतर आर्णीत आपल्या ओसरीवर भावासारख्या मुलांना फुकट भौतिकशास्त्र शिकवणारे सर ही बातमी कळताच स्कूटरवरून आमच्याकडे आले. बाजेवर बसलेही नाहीत.

"राठोडभाऊ, बैल घेता तं दात पाह्यता ना? मंग पोराचे डोळे काहून नाही पाह्यले?"

बाबा खाली मान घालून म्हणाले, "एजंट म्हणे, तपासणी मंग होऊन जाते."

सरांचा आवाज खाली आला. "मले तरी इचारायचं होतं, भाऊ."

पुढे सरांनी यवतमाळच्या एका नेत्रतज्ज्ञांकडून ठिपक्यांचं तसलंच पुस्तक मागून आणलं. तेव्हापासून पायलट व्हायचंय म्हणणारा कोणीही आला, की सर आधी ते पुस्तक उघडतात, चहा नंतर. मलाही पायलट व्हायचंय असं सांगून मी पुस्तकातले सगळे आकडे वाचले, तेव्हा ते म्हणाले, "आता सरकारी तपासणी, मंग लेखी परीक्षा. पैशाचं नाव सगळ्यात शेवटी." मला शिकवता यावं म्हणून त्या वयात त्यांनी हवामानशास्त्र आणि दिशादर्शन स्वतः शिकून घेतलं. शिष्यवृत्तीसाठी माझ्यासोबत कचेरीचे उंबरठे झिजवले.

शिष्यवृत्तीवर शिकून मला पायलटचा परवाना मिळाला, नोकरी मिळाली नाही. परवान्यानंतर मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याची फी वेगळी, आणि एवढं करूनही भरती निघेपर्यंत घरी बसावं लागतं, हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मी सध्या सरांच्याच ओसरीवर मुलांना शिकवते.

तरीही समितीने निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कॅप्टन' छापलं. सरांनी सगळ्या पत्रिका घरी मागवल्या आणि एकेका पत्रिकेवरचा तो शब्द स्वतःच्या पेनाने खोडला. समितीचे लोक नाराज झाले. सर म्हणाले, "हे वाचून आखीन एखादा बाप वावर इकाले निघते."

सर आजवर विमानात बसलेले नाहीत. समितीने भेट म्हणून तिकीट देऊ केलं, तेही त्यांनी परत केलं. "बसीन तं हिच्याच इमानात."

सर, ताटकळत बसायची मला सवय झाली आहे. पण माझ्यासोबत आपणही ताटकळता आहात, आणि आपल्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. तेव्हा रक्तदाबाची गोळी चुकवू नका, गुडघे सांभाळा, शंभरी गाठा. विमानाच्या जिन्याला पायऱ्या बऱ्याच असतात, आणि आपल्याला त्या चढायच्या आहेत.