पुलापलीकडची मॅव्हिस

एनिड होल्रॉइडच्या पुढच्या खोलीत कित्येक निवडणुका पक्षाचं ठाणं असायचं. मतदानाच्या दिवशी सोफा बाहेर जायचा, टेबलावर मतदारयाद्या पसरायच्या आणि उजाडताच कालव्यावरचा पूल ओलांडून मॅव्हिस आल्याचा केक घेऊन हजर व्हायची. "आधी खाऊन घे, मग लोकशाही वाचव," असं दरडावायची. दोघी एकाच गिरणीत होत्या, तेव्हापासूनची ही मैत्री.

गिरण्या बंद पडल्या, कालव्यापलीकडे नवी घरं उठली, तिथली मतं विरोधकांकडे वळली आणि पक्षाची हक्काची जागा थोडक्यात हातची गेली. त्यातच मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायला आयोग आला. पक्षाचा एजंट टॅटर्सल एनिडकडे येऊन बसला.

"पलीकडचा वॉर्ड तुटला, की जागा आपलीच. फक्त दोन्हीकडच्या लोकांचं येणंजाणं नाही, एवढं आयोगाच्या सुनावणीत सांगा."

"पण येणंजाणं आहे की!"

"मिसेस होल्रॉइड, मी बोललो तर ऐकतंय कोण? तुम्ही बोललात तर पटेल."

पक्षासाठी जन्मभर उन्हातान्हात दारं ठोठावलेली बाई ती; हुरळली. टाउन हॉलमध्ये आयोगासमोर उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "पुलापलीकडे आमचं कोणी नाही. तिकडचं कोणी आमच्याकडे फिरकतसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. खाली बसताना तिला मागच्या रांगेत मॅव्हिसची निळी टोपी दिसली. मैत्रिणीचं भाषण ऐकायला ती मुद्दाम आली होती. एनिड गर्दीतून वाट काढत दाराशी पोचली, तोवर ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागायची, असं एनिडने ठरवलं. मग पुढच्या आठवड्यात. लाजेने पाय उचलेना, आणि तिथेच तिचं चुकलं.

कालवा हीच सीमा ठरली. पुढच्या निवडणुकीत एनिडच्या खोलीत सकाळपासून विजयाच्या खात्रीचा गलका होता, पण केक आला नाही. दुपारी तिने स्वतःच एक केक भाजला आणि ती पुलावरून गेली.

मॅव्हिसने दार उघडलं. एनिडच्या कोटावर लावलेल्या, पक्षाच्या रंगाच्या फितीच्या फुलाकडे पाहिलं.

"मतं मागायला आली असशील तर आमचा मतदारसंघ वेगळा आहे."

"मॅव्हिस, अगं, मी तिथं बोलले ते खरं नव्हतं."

"मला माहीत आहे ते," मॅव्हिस म्हणाली. "आयोगाला सांगायचं होतंस."

आणि तिने हळूच दार लावून घेतलं.