पिल्लांना पाजलेलं ताक

राज्याचे दोन तुकडे व्हायचे ठरले, तेव्हा आमच्या कोंबडी संशोधन केंद्राचेही व्हायचे ठरले. फ्रीज कुणाचा, तराजू कुणाचे, माणसं कुणाची, रोज नवी बातमी. मी इथल्याच नारायणगुड्यात जन्मलेला, त्यामुळे इकडेच राहणार हे नक्की होतं. मूळचे आम्ही नांदेडकडचे, पण नांदेड दोन्ही वाटण्यांत नसल्यामुळे कुणी विचारलं नाही.

मी शेडवर मदतनीस होतो. पिल्लांना खाणं-पाणी, साफसफाई आणि न विचारता सल्ले, ही माझी कामं. माझ्या वाट्याला पीएचडीची एक मुलगी आली होती, गुंटूरकडची, म्हणजे पलीकडच्या वाटणीतली. केंद्रातली नोकरी सांभाळून प्रबंध करत होती. तेलुगू रीतीने ती मला अन्ना, म्हणजे दादा, म्हणायची आणि मी तिला अम्मा, म्हणजे बाई. तिचं नाव पलीकडच्या राज्यात जाणार हे उघड होतं, फक्त बदलीची ऑर्डर कधी येईल ते कळत नव्हतं. त्याआधी प्रयोग संपवायचा होता. शेड इकडेच राहणार होतं, आणि अर्धवट सोडलेल्या कोंबड्यांकडे मागे कोण बघणार?

प्रयोग मला तिनेच समजावला. एकाच खाद्यावर एक कोंबडी लठ्ठ होते, दुसरी सडपातळ राहते. आतड्यातले जिवाणू कोंड्यातलं न पचलेलं आंबवतात, त्यातून निघालेलं रक्तावाटे यकृतात पोचतं, आणि कोंबडीची बहुतेक चरबी यकृतातच तयार होते. तेव्हा लठ्ठपणात जिवाणूंचा किती हात आहे, ते तिला बघायचं होतं. आधी औषध देऊन सगळ्या पिल्लांची आतडी जमेल तितकी रिकामी करायची. मग एका टोळीला लठ्ठ कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू पाजायचे, दुसरीला सडपातळ कोंबड्यांचे, आणि तिसरीला नुसतं पाणी.

औषधाने पिल्लं मलूल झाली. शीट पातळ. दोन टोळ्यांना निदान काहीतरी पाजलं जात होतं. तिसरी बिचारी पाण्यावर. मला ते बघवेना. आमच्या घरी कुणाचं पोट बिघडलं की डॉक्टरच्या आधी ताक येतं. मी डब्यातून ताक आणलं, जिरं आणि हिंग घातलेलं, कपड्यातून गाळून तिसऱ्या टोळीच्या भांड्यांत ओतलं. पिल्लं तुटून पडली. दुसऱ्या दिवशी शीट घट्ट. मी स्वतःवर इतका खूश की घरी जाऊन बायकोला पशुवैद्यक शास्त्रावर भाषण दिलं.

तिसऱ्या दिवशी अम्मा भांड्यावर वाकली आणि हुंगू लागली.

"अन्ना, ये हिंग की बास कां से आ री?"

"पेट ठीक नईं था उनका, अम्मा. छाछ दिया."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खाद्याच्या पोत्यावर बसली आणि हळूहळू सांगत राहिली. ती टोळी रिकाम्या पोटाची राहायला हवी होती. मी तिच्या पोटात घरच्या विरजणाचे जिवाणू वस्तीला पाठवले होते. तिचे गाईड सर म्हणाले, तिसरी टोळी सोडून दे, उरलेल्या दोन टोळ्यांवर लिही. पण मग दोन टोळ्यांतला फरक दिसला असता, तो कुणामुळे पडला ते कळलं नसतं. लठ्ठ कोंबड्यांचे जिवाणू चरबी वाढवतात, की सडपातळांचे कमी करतात? अर्धं उत्तर वेळेत मिळत होतं, पूर्ण उत्तरासाठी ऑर्डरशी शर्यत लावावी लागणार होती.

तिने नवी पिल्लं मागवली. तिन्ही टोळ्या पहिल्यापासून. या वेळी तिसऱ्या टोळीकडे मी जेवणाचा डबा गेटबाहेर ठेवून जायचो. तिने सांगितलं नव्हतं, मीच घाबरलो होतो.

कोंबड्या जवळजवळ तयार झाल्या आणि ऑर्डर आली. बदली झालेल्या माणसाला सामान हलवायला काही दिवस मिळतात. अम्माने ते सगळे दिवस शेडला दिले. म्हणाली, घराचं बघता येईल. तिचं घर कोण बघणार होतं? मी आणि बायको तिच्या खोलीवर गेलो. अफझलगंजच्या बाजारातून सुतळी आणि खोकी आणली, भांडी बांधली, गाद्या गुंडाळल्या. बायको म्हणाली, "तुम्ही फक्त उचला, डोकं लावू नका." मी डोकं लावलं. जे दिसेल ते बांधलं.

टेम्पो भरून शेडपाशी आणला तेव्हा ती शेवटच्या कोंबडीची ओटीपोटातली चरबी तोलत होती. पिवळट, ओल्या मेणासारखी. आकडा लिहून तिने वहीची मागची पानं चाळली. मी विचारलं, काय निघालं?

"पानीवाले और दुबलेवाले बराबर हैं, अन्ना. चरबी मोटेवालों के कीड़ों ने चढ़ाई."

मी मान हलवली. पूर्ण उत्तर होतं ते, एवढं मलाही कळलं. तिने हात धुतले, शेडचे गमबूट काढले आणि चपला मागितल्या.

चपला, सँडल, घरातल्या सपाता, सगळं मी गाद्यांच्या खाली पक्कं बांधलं होतं. टेम्पोवाला सामान उतरवायला तयार नव्हता. बायको माझ्याकडे बघतच नव्हती. अम्मा आधी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. तिने ते गमबूट परत पायात चढवले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. आमच्या राज्याच्या वाटणीला आलेले बूट ते. हिशोब मागणाऱ्या साहेबांना मी सांगितलं, उंदरांनी कुरतडले.