जावईबापू, बसा

भाचीनं नवऱ्याचं घर सोडलं ते पाठीवरच्या वळांसकट. त्या वळांचे फोटो आणि आपला नवा पत्ता तिनं कम्प्युटरवर कुलूपबंद फाइलीत ठेवला, आणि कुलपाच्या किल्लीचे तीन तुकडे केले. एक अकोल्याला तिच्या बापाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे. एक अमरावतीत माझ्याकडे. एक परतवाड्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे. प्रत्येकाला एक पेनड्राइव्ह, त्यात ती फाइल आणि आपापला तुकडा. एका तुकड्यानं काहीच कळत नाही. कोणतेही दोन जुळले की कुलूप उघडतं.

"मले काही झालं तर दोघं मिळून उघडा, आत्या. मधूनमधून मी नवे तुकडे पाठवीन, तवा जुने मोडून टाकजा. जुना नव्याशी जुळत नाही, पण जुन्याशी जुना जुळते."

"लोणचं हाय का, दरसाल नवं घालाले?" मी म्हटलं.

फार शहाणी होते ना मी! नुकतीच साठी उलटलेली, म्हणजे ऐन तारुण्य. भिशीतल्या बायांना सांगून आले, की माझ्याजवळ एक गुपित आहे आणि ते मी कोणाला सांगणार नाही. न सांगण्याची दवंडी पिटणारी बाई अख्ख्या अमरावतीत मी एकटीच असेन. नवे तुकडे आले, तिघांनी जपून ठेवले. जुनेही जपून ठेवले. आमच्या घराण्यात तुटका चिमटासुद्धा कोणी फेकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. आवाजात पाहुणचाराचं समाधान.

"बाई, जावई आले होते. पाया पडले, रडले. पोरीची माफी मांगतो म्हणे."

"तू काय देलं त्याले?"

"मी काय येडा हाय? जुना तुकडा देला. नवा माह्याजवळच हाय."

"अरे, जुन्याशी जुना जुळते! अन् पत्ता तर तोच हाय!"

तो हळूच म्हणाला, "जावई हाय ना शेवटी. दारातून वापस कसं पाठवू?"

"आता कुठं गेला?"

"परतवाड्याले. सकाळीच निघाला."

मी बहिणीला फोन लावला. जुना तुकडा आत्ताच्या आत्ता ठेचून टाक, म्हटलं.

"थांब बाई, शोधूनच राहिली. डाळीच्या डब्यात होता वाटते. सारे डबे बैठकीत काढून ठेवले." डब्यांची झाकणं वाजत होती. मग गाडीचं दार आपटलं, आणि फार गोड आवाज आला, "आत्याबाई, हायेत का घरी?"

"घरात घेऊ नको त्याले!" मी ओरडले.

पण बहिणीच्या तोंडून जन्माची सवय बोलून गेली, "या, जावईबापू, बसा." फोन बंद झाला.

मी भाचीला कळवलं. तिनं एवढंच विचारलं, "किती वेळ झाला, आत्या?" त्याच दिवशी तिनं ते नवं घरही सोडलं. कुठे गेली, आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. त्यानंतर ना तुकडे आले, ना फोन.

बहीण देवाची शपथ घेऊन सांगते, की तिनं काही दिलं नाही, तुकडा तर तिला सापडलाच नव्हता. ती फक्त पाणी आणायला आत गेली होती. बाहेर आली तेव्हा पाहुणा उठला होता आणि हसत होता.