वन्संचे डच

पृथ्वीवरील कोणत्याही भाषेला वळण लावता येते, अशी माझ्या थोरल्या नणंदेची ठाम समजूत होती. हैदराबादच्या जामबागेतल्या शाळेत तीस वर्षे मराठी व्याकरण शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि नारायणगुड्याला आमच्याकडे राहू लागल्या. गल्लीत दर महिन्याला आयएसडी फोनची एक नवी पिवळी पाटी उगवे, असे ते दिवस. त्यांच्या संगणकवाल्या मुलाने हॉलंडातच, तिथल्या मुलीशी लग्न केले. फोनवर सून ओढ्यासारखी खळाळत राही आणि मुलगा मधे पडून सांगे, "मजेत आहे म्हणते." एवढ्या लांब वाक्यातले बरेचसे हा वाटेतच गाळतो, असा वन्संना संशय होता. सून हैदराबादला येईल तेव्हा तिच्याशी मधल्या माणसावाचून बोलायचे, म्हणून त्यांनी डच शिकायला घेतले.

मुलाने पाठवलेल्या पुस्तकाला गार, परक्या शाईचा वास होता. त्यात त्यांना 'झिख' भेटला. झिख म्हणजे 'स्वतःला'. माणूस स्वतःला धुतो, हे त्यांनी मान्य केले. पण तो स्वतःला चुकतो, स्वतःला लाजतो, हे कसे? शिवाय 'तो' आला की झिख हजर, 'मी' म्हटले की गायब, 'आम्ही' म्हटले की त्याच्या जागी तिसराच कुणी. सरावासाठी त्या मराठीतही तसेच बोलू लागल्या. वरणात मीठ राहिले की म्हणत, "मी मला चुकले." आठवड्याभरात आमचे हे ओला पंचा खांद्यावर टाकून मलाच विचारू लागले, "मी मला आंघोळ घातली का?" झिख काढून टाकावा, अशी सूचना वन्संनी प्रकाशकालाही पत्राने केली. उत्तर आले नाही.

"स्वतःच धुवा, स्वतःच विंचरा," त्या खिन्नपणे म्हणत. "यांच्यात कुणी कुणाचं काई करतच नै का गं?"

मुलाबरोबर सून आली. वन्संना एकवीस डच वाक्ये पाठ होती. त्यातले एकही विमानतळावर ओठांबाहेर पडले नाही. चार दिवस दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत राहिल्या. पाचव्या दिवशी धुळीने चिकटलेले तिचे केस पाहून वन्संनी शिकेकाई उकळली आणि मागच्या अंगणात तिला पाटावर बसवले. "डोळे मीट, बाई," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. तिने मिटले. कडवट, ऊन वासाच्या त्या फेसाखाली मान घालून ती हलक्या आवाजात बोलू लागली आणि बोलतच राहिली. तिच्या प्रत्येक थांब्याला वन्सं "हौ" म्हणत पाणी ओतत होत्या. दारातल्या मुलाने अर्थ सांगायला तोंड उघडले.

"नक्को," वन्सं म्हणाल्या. "तू मधे येऊ नको."

काय म्हणाली होती ती, हे मी पुढे कैकदा विचारले. वन्सं तळवा नाकाशी नेत, जणू शिकेकाईचा वास अजून तिथे असावा, आणि म्हणत, "लांबलचक होतं गं. मधलं काई गळलं नै."