अध्यक्षांचं गाऱ्हाणं

स्वराज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारचे खलाशी चाचा मोंबासाहून रजेवर आले की तिकडच्या एका फुटबॉल क्लबाच्या अध्यक्षाची गंमत सांगत. संघ हरला की तो गोलकीपर बदलायचा, नाहीतर पावसाला दोष द्यायचा. खुर्ची मात्र सोडायचा नाही. आम्ही रत्नागिरीकर पोट धरून हसायचो. आफ्रिकेत असंच चालायचं, म्हणायचो.

त्याच वर्षी आमचा हुतुतूचा संघ चिपळुणात सपशेल हरला. आदल्या दिवशी आमच्या अध्यक्षांनी सगळ्यात चांगला गडी काढून स्वतःचा भाचा घुसवला होता. जाब विचारायला आम्ही तावातावाने देवळात जमलो. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “आधी देवाला गाऱ्हाणं घालूया.”

गुरवाने हात जोडले. “ज्या कुणी आमच्या संघाचं वाकडं केलं असेल, त्याला तू बघून घे, महाराजा!”

“होय महाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा. त्यांच्यामागोमाग आमचा.

झालं. जाब देवावर सोपवून आम्ही प्रसादाचं खोबरं चघळत बाहेर पडलो. चाचा पायरीवर बसून सगळं ऐकत होते. या वेळी पोट धरून हसायची पाळी त्यांची होती.